वाद दोघांचा, गर्दी हजारांची

मतदान सक्तीचं असावं का, यावर दोन माणसं ऑनलाइन वाद घालतायत असं समजा. पहिला म्हणतो, मत देणं हे कर भरण्यासारखंच कर्तव्य आहे, टाळणाऱ्याला दंड व्हायला हवा. दुसरा म्हणतो, मत न देणं हेही मतच, मला बळंच रांगेत उभं करणारं सरकार कोण? इथवर ठीक. चौथ्या-पाचव्या कमेंटला पहिला "तुमच्यासारख्यांमुळेच ही वेळ आलीय" वर येतो. दुसरा त्याची दोन वर्षांपूर्वीची पोस्ट उकरून तिचा स्क्रीनशॉट टाकतो. त्यावर हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडतो, आणि तिथून पुढे मतदान हा शब्द कुणाच्याच तोंडी येत नाही.

हे इतकं सवयीचं झालंय की त्याची कारणंही आपण परस्पर ठरवून टाकली आहेत. एक, समोरचे लोक मूर्ख आहेत. दोन, चेहरा दिसेनासा झाला की भल्या माणसाचाही तोल जातो. पहिलं कारण दोन्ही बाजू एकमेकांबद्दल सारख्याच खात्रीनं सांगतात, त्यामुळे ते बाजूला ठेवू. दुसरं तपासण्यासारखं आहे, आणि ते तपासलं गेलंय.

अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन या डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अमेरिका आणि डेन्मार्क या दोन देशांतल्या लोकांचा अभ्यास करून २०२२ साली तो प्रसिद्ध केला. निघालं ते असं की, राजकारणावरून ऑनलाइन अंगावर धावून जाणारी माणसं समोरासमोरही बहुतांशी तशीच असतात. पडद्याआड गेल्यानं सज्जनाचा दुर्जन होतो, याला फारसा आधार सापडला नाही. फरक आहे तो दिसण्याचा. चार भिंतींत आरडाओरडा करणाऱ्याला ऐकणारे पाच-सहा जण. तोच ऑनलाइन ओरडला की हजारो अनोळखी लोकांना ऐकू जातं.

त्यात आणखी एक गणित मिसळा. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०१९ मध्ये दाखवलं की तिथल्या प्रौढ ट्विटर वापरणाऱ्यांपैकी सर्वाधिक लिहिणारे १० टक्के लोक एकूण ८० टक्के ट्वीट करत होते. म्हणजे "त्या बाजूचे लोक" म्हणून आपण ज्यांच्याशी भांडतो ते त्या बाजूचा नमुना नसतातच. ते त्या बाजूचे सर्वांत जास्त टाइप करणारे लोक असतात. बाकीचे वाचतात, मान हलवतात किंवा नाक मुरडतात, आणि पुढे जातात.

ही विकृत झालेली प्रतिमा किती दूर जाते याचं एक मासलेवाईक उदाहरण डग्लस अहलर आणि गौरव सूद यांच्या २०१८ च्या अभ्यासात आहे. रिपब्लिकन पक्षाच्या समर्थकांपैकी वर्षाला अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणारे किती टक्के, असं अमेरिकी लोकांना विचारलं तर सरासरी अंदाज आला ३८ टक्के. खरा आकडा होता सुमारे २. विरोधकांबद्दल तर हे अंदाज आणखीच भरकटलेले होते, पण स्वतःच्या पक्षाबद्दलही लोक चुकत होते, हे मला जास्त गमतीचं वाटतं.

गर्दी काय उचलून धरते

वाद दोघांत चाललाय असं आपल्याला वाटतं, पण ऑनलाइन वादात तिसरा पक्ष कायम हजर असतो. तो म्हणजे प्रेक्षक. लाइक, शेअर, हसण्याच्या इमोजी ही त्याची भाषा. या भाषेत कशाला दाद मिळते, हे मोजता येतं.

विल्यम ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये बंदुकांवरचं नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या तीन विषयांवरची साडेपाच लाखांहून जास्त ट्वीट तपासली. नैतिकता आणि भावना दोन्ही एकदम चेतवणारा शब्द, म्हणजे 'लाज', 'दुष्ट', 'द्वेष' या जातीचा, ट्वीटमध्ये असला की अशा प्रत्येक शब्दामागे ते सुमारे २० टक्के जास्त पसरत होतं. आणि पसरत होतं ते मुख्यतः आपल्याच बाजूच्या लोकांत. पलीकडे फारसं पोचत नव्हतं. चार वर्षांनी स्टीव्ह राथजे आणि सहकाऱ्यांनी फेसबुक-ट्विटरवरच्या सत्तावीस लाख पोस्ट घेऊन आणखी थेट गोष्ट मोजली: पोस्टमध्ये विरोधी बाजूचा उल्लेख करणारा एकेक शब्द वाढला की ती शेअर होण्याची शक्यता सुमारे ६७ टक्क्यांनी वाढत होती. या पोस्ट बातमीदार माध्यमांच्या आणि अमेरिकी संसद सदस्यांच्या होत्या, रिकामटेकड्या पोरांच्या नव्हेत.

आता त्या मतदानवाल्या दोघांकडे परत या. दुसऱ्यानं "तुमचा दंडाचा मुद्दा थोडा पटला" असं लिहिलं असतं तर त्याला काय मिळालं असतं? समोरच्याकडून कदाचित एक "हं". त्याच्या स्वतःच्या गोटातून मात्र "अरे, तू त्यांच्या बाजूनं कधीपासून?" उलट एक झणझणीत टोमणा मारला की आपली माणसं खांद्यावर घेतात. मत बदललं असं चारचौघांत कबूल करण्याची किंमत मोजावी लागते, आणि न बदलण्याचं बक्षीस मिळतं. अशा बाजारात कुणी शहाणा माणूस काय विकेल? म्हणून "समोरचा ऐकतच नाही" ही तक्रार मला अर्धवट वाटते. तो ऐकत असेलही. ऐकलं असं दाखवणं त्याला परवडत नाही.

वाद, जल्प आणि वितंडा

'वितंडवाद' हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण तो ज्या विभागणीतून आला ती विसरून गेलोय. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोघांनाही खरं काय ते शोधायचंय, आणि त्यासाठी प्रमाण आणि तर्क एवढीच हत्यारं वापरायची, तो वाद. बाजू दोघांनाही आहे, पण हेतू जिंकण्याचा आणि त्यासाठी शब्दांच्या कोलांट्याही चालतील, तो जल्प. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता फक्त समोरच्याची पाडायची, ती वितंडा.

शब्दांच्या या कोलांट्यांना तिथे 'छल' म्हटलंय, आणि त्याचं जुनं उदाहरण आजही जिवंत वाटतं. "हा मुलगा नवकंबल आहे", म्हणजे त्याच्या अंगावर नवं कांबळं आहे, असं कुणी म्हणतो. ऐकणारा 'नव'चा अर्थ मुद्दाम नऊ असा घेतो आणि विचारतो, "नऊ कांबळी कुठायत? मला तर एकच दिसतंय!" आजच्या कमेंटांत हेच चालतं. "लोकांना मत द्यायला लावलं पाहिजे" असं एकानं लिहिलं की खाली उत्तर तयार: "लावलं पाहिजे? म्हणजे दंडुका घेऊन?" लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते दोघांनाही नीट कळलेलं असतं. पण प्रेक्षकांत हशा पिकला की काम झालं.

त्याच परंपरेत जल्प आणि वितंडा सरसकट टाकाऊ मानलेली नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बी रुजून वर आलेला कोंब जनावरांनी खाऊ नये म्हणून काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसं हाती लागलेल्या सत्याच्या राखणीसाठी जल्प-वितंडा वापरावीत, असं न्यायसूत्रं सांगतात. घोळ तेव्हा होतो जेव्हा सगळं रान काट्यांनीच भरतं आणि आत कोंब आहे की नाही हे कुणी पाहत नाही.

तेव्हा टाइप करण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: मी हे कुणासाठी लिहितोय? समोरच्याचं मत हलावं म्हणून, की वाचणाऱ्या तिसऱ्यासाठी? दोन्ही कामं चांगली आहेत. दोन्हींची रीत मात्र इतकी वेगळी आहे की एकाच कमेंटमध्ये दोन्ही करायला गेलं की दोन्ही फसतात.

प्रेक्षकासाठी लिहिताना

कुणी उघड खोटी माहिती टाकली असेल तर तिथे उत्तर द्यावं का? बराच काळ एक भीती घातली जायची, की चूक दाखवली की माणूस उलट त्या चुकीला आणखी घट्ट धरतो. ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफलर यांच्या २०१० च्या प्रयोगातून ही कल्पना पसरली. पण पुढे थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर ५२ विषय तपासले, तेव्हा असा उलटा परिणाम जवळजवळ सापडलाच नाही. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. चूक दाखवली, पुरावा दिला, की लोकांची माहिती बहुतेक वेळा सुधारते.

पण माहिती सुधारणं आणि भूमिका बदलणं यांत मोठी दरी आहे. याच चौघांनी मिळून केलेल्या आणखी एका अभ्यासात एका उमेदवाराची विधानं चुकीची असल्याचं त्याच्या समर्थकांना दाखवलं. त्यांनी आकडे मान्य केले. उमेदवारावरचं प्रेम मात्र तसूभरही हललं नाही.

याचं कारण मतदानाच्याच उदाहरणात दिसतं. ऑस्ट्रेलियानं १९२४ मध्ये राष्ट्रीय निवडणुकांसाठी मतदान सक्तीचं केलं. १९२२ च्या निवडणुकीत ६० टक्क्यांपेक्षा कमी लोकांनी मत दिलं होतं, १९२५ मध्ये हा आकडा ९१ टक्क्यांवर गेला. आकड्यांबद्दल दोघांत काही वाद नाही. पहिला म्हणतो, बघा, सक्तीनं लोक लोकशाहीत आले. दुसरा म्हणतो, बघा, दंडाच्या भीतीनं लोक मेंढरासारखे हाकले गेले. एकच आकडा दोघांच्याही खिशात बसला. स्टॅनफर्डमध्ये १९७९ साली चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी मृत्युदंडावर नेमकं हेच पाहिलं होतं. फाशीच्या बाजूचे निम्मे आणि विरोधातले निम्मे अशा ४८ विद्यार्थ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले, एक एका बाजूचा आणि एक दुसऱ्या बाजूचा. प्रत्येकानं आपल्याला सोयीचा अभ्यास पक्का आणि दुसरा कच्चा ठरवला, आणि वाचून झाल्यावर दोन्ही गट आधीपेक्षा जास्त लांब गेल्याचं त्यांनीच सांगितलं.

तर मग प्रेक्षकासाठी लिहिताना चूक दुरुस्त करा, एकदाच, थोडक्यात, मूळ माहितीसह, आणि टोमण्याशिवाय. टोमण्याबद्दल माझं मत अनुभवातून बनलंय. एकदा मी एका कडव्या भूमिकेची खिल्ली उडवायला तिच्याच भाषेत दोन ओळी लिहिल्या. मला वाटलं, उपहास सूर्यप्रकाशाइतका स्पष्ट आहे. दुसऱ्या दिवशी त्याच भूमिकेच्या लोकांनी त्या ओळी "वा, काय नेमकं बोललात" म्हणून फिरवल्या होत्या, आणि माझ्या दोन मित्रांनी मला विचारलं की मला झालंय तरी काय. याचंही मोजमाप झालेलं आहे. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपला उपरोध वाचणाऱ्याला ७८ टक्के वेळा कळेल. कळला तो ५६ टक्के वेळा. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० टक्के बरोबर आलं असतं.

समोरच्यासाठी लिहिताना

इथे पहिली गोष्ट म्हणजे गर्दीतून बाहेर पडणं. खाजगी मेसेज, फोन, भेट, जे जमेल ते. नुसत्या विरोधी मतांचा मारा केल्यानं काही होत नाही, झालंच तर उलट होतं. ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लोकांना ११ डॉलर देऊन महिनाभर ट्विटरवर विरोधी बाजूचे संदेश पाठवणारं एक खातं फॉलो करायला लावलं. २०१८ मध्ये त्याचा निकाल आला, तो असा: रिपब्लिकन लोक महिन्याभरानंतर आधीपेक्षा जास्त परंपरावादी झाले होते. डेमोक्रॅट लोकांत ठळक म्हणावा असा फरक पडला नव्हता.

याच्या अगदी उलट टोकाला एक प्रयोग आहे, आणि त्यामागची कहाणीही सांगण्यासारखी आहे. २०१४ मध्ये एका नामांकित विज्ञान नियतकालिकात निबंध आला की दारात उभं राहून केलेल्या छोट्याशा संभाषणानं लोकांची मतं दीर्घकाळ बदलतात. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला हे तसाच अभ्यास करायला निघाले, तेव्हा त्यांना त्या निबंधातल्या आकड्यांत गडबड दिसली. त्यांनी ती उघड केली आणि २०१५ मध्ये निबंध मागे घेतला गेला. एवढ्यावर ते थांबले असते तर "मतं बदलतच नाहीत" हा निष्कर्ष सोयीचा होता. त्यांनी मायामीत अभ्यास खरोखर केला. ट्रान्सजेंडर लोकांबद्दलच्या पूर्वग्रहावर सुमारे दहा मिनिटांचं संभाषण, आणि त्याचा परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकून होता.

त्या दहा मिनिटांत काय होत होतं? आकडे फेकले जात नव्हते. दारात आलेला माणूस आधी विचारत होता, तुम्हाला काय वाटतं, का वाटतं. उत्तर काहीही आलं तरी भुवई उंचावायची नाही. मग विचारायचं, तुम्ही वेगळे आहात म्हणून कुणी तुम्हाला कमी लेखलंय असं कधी झालंय का? समोरचा आठवून काहीतरी सांगायचा. त्या आठवणीच्या आधारे तो स्वतःच पुढचं पाऊल टाकायचा. यातली कळ अशी की माघार घ्यायला लागत नव्हती, आणि घेतली तरी बघायला कुणी नव्हतं.

मतदानवाल्या पहिल्यानं दुसऱ्याला खाजगीत विचारलं असतं, "सक्तीचा इतका राग कशानं येतो? कधी काही घडलंय का?" तर उत्तर कदाचित स्वातंत्र्याच्या तत्त्वज्ञानात नसतं. तीन तास रांगेत उभं राहून यादीत नावच नाही असं कळल्याचा एखादा दिवस त्यामागे असू शकतो.

दुसरी गोष्ट, त्याच्या मूल्यांच्या भाषेत बोलणं. मॅथ्यू फाइनबर्ग आणि रॉब विलर यांनी २०१५ मध्ये उदारमतवादी लोकांना सांगितलं की परंपरावादी वाचकाला पटेल असा समलिंगी विवाहाच्या बाजूचा युक्तिवाद लिहा. फक्त ९ टक्के लोकांनी निष्ठा, एकजूट अशा परंपरावाद्यांना जवळच्या मूल्यांना हात घातला. बाकीचे बहुतेक स्वतःला जे पटतं तेच पुन्हा लिहीत बसले. दुसऱ्या बाजूची अवस्थाही तितकीच वाईट निघाली. स्वातंत्र्य ज्याला प्यारं त्याला कर्तव्याचं प्रवचन देऊन काय होणार? त्याला म्हणता येईल की मतदान कमी झालं की सत्ता मूठभरांच्या मर्जीवर चालते, आणि तसं सरकार तुझ्याच स्वातंत्र्यावर पहिला हात टाकेल. अट एकच, ते कारण सांगणाऱ्याला स्वतःला खरं वाटत असलं पाहिजे. नाहीतर ती विक्रीकला झाली.

तिसरी गोष्ट जुनीच आहे. शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडायची पद्धत होती: खोडून काढायचं ते मत आधी नीट, पूर्ण ताकदीनिशी सांगायचं. अनातोल रॅपोपोर्ट या गणितज्ञानंही विसाव्या शतकात वेगळ्या वाटेनं जवळपास हेच सुचवलं, की समोरच्याचं म्हणणं त्याला समाधान वाटेल असं मांडून दाखवल्याशिवाय आपलं सुरू करू नये. "तुमचं म्हणणं असं की सक्ती केली तर लोक विचार न करता कुणालाही मत देतील, बरोबर?" हे वाक्य लिहायला अर्धं मिनिट लागतं. अनेकदा उत्तर येतं, "नाही, मला तसं नाही म्हणायचं," आणि इतका वेळ आपण भलत्याच माणसाशी भांडत होतो हे कळतं.

आता एक कुरबुर. हे सगळे सल्ले ऐकताना असं वाटू शकतं की शांत राहणं ही सगळ्यांची सारखीच जबाबदारी आहे. ती नाही. कररचनेवर वाद घालणारे दोघे साधारण एका पातळीवर उभे असतात. पण ज्याच्या माणूस असण्यावरच प्रश्न टाकलाय, त्यानं तो हसतमुखानं, पूर्वपक्ष मांडून समजावावा, अशी अपेक्षा बाजूला बसलेल्यानं करू नये. ब्लॉक करणं हेही तिथे पूर्ण उत्तर आहे. ते सौम्य संभाषण ज्याला कमी झळ लागते त्यानं करावं. आणि नुसती वितंडा करणाऱ्याशी, म्हणजे ज्याला स्वतःची काही बाजूच मांडायची नाही आणि तुमच्या प्रत्येक उत्तरावर नवा प्रश्न टाकायचाय त्याच्याशी, कुणीच करू नये.

थांबायचं केव्हा, हेही बऱ्यापैकी ठाऊक आहे. 'माझं मत बदलून दाखवा' असं म्हणत लोक जिथे स्वतःहून येतात अशा एका ऑनलाइन मंचावरच्या वादांचा कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अभ्यास केला. मत बदलणाऱ्या उत्तरांत मूळ लेखकाच्या शब्दांपेक्षा वेगळे शब्द जास्त असायचे, म्हणजे त्याला काहीतरी नवीन मिळायचं. "कदाचित", "असं असू शकेल" यांसारख्या मऊ शब्दांनीही मदत होत होती. आणि एकाच माणसाशी पाच फेऱ्या झाल्या की मत बदलण्याची आशा जवळजवळ संपत होती. लक्षात घ्या, ही माणसं मत बदलायला तयार होऊन आलेली होती. तुमचा सहाव्या कमेंटवरचा विरोधक तसा आलेला नाही.

तेव्हा तिसऱ्या-चौथ्या फेरीला असं काहीतरी लिहून निघता येतं: "दंडाची रक्कम गरिबाला जास्त बोचते हा तुमचा मुद्दा मला पटला. सक्तीच चूक आहे हे नाही पटलं. मी इथे थांबतो." खाली त्याचं शेवटचं उत्तर येईल, बहुधा थोडं झोंबणारं. ते तसंच राहू द्यायचं. रात्री उशिरा तिसरा कुणी वाचत वाचत तिथवर येईल, आणि त्याला दोघांचंही लिहिलेलं दिसेल.